दाखल्यात न लिहिलेलं

जून उजाडला की स्वारगेटच्या एसटी स्थानकात उतरणाऱ्यांमध्ये शाळेच्या वयाची मुलं वाढतात. सांगोला, मंगळवेढा, जत, अक्कलकोट, कधी थेट इंडीहून आलेली कुटुंबं. बापाला बांधकामावर काम लागलेलं, आईला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात नाहीतर मुकुंदनगरातल्या घरांत. पोरांची नावं पालिकेच्या शाळेत घालायची असतात. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचं पाचवं कलम त्यांच्या बाजूने उभं आहे. मुलाला दुसऱ्या शाळेत जायचा हक्क आहे, मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. मुलाने शाळा बदलायची सोय कायद्याने केली. मूल आजवर जे शिकलं ते मात्र त्याच्यामागून येत नाही, कारण ते सगळ्या शाळांना सारखंच कळेल अशी नोंदच दाखल्यात नसते.

माझं मत लपवत नाही. जिल्हा परिषदेची शाळा असो, पालिकेची असो की आश्रमशाळा, सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक शाळेला शिक्षणाचा एक समान किमान दर्जा बांधून दिलेला हवा. पण याच्या विरुद्धचं म्हणणं जेव्हा खेड्यातल्या शाळेवर आयुष्य घालवलेल्या माणसाकडून येतं, तेव्हा ते झटकून टाकता येत नाही. म्हणून इथे दोन माणसं उभी केली आहेत. गुरुजी राजगड तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या वेल्ह्यात, लहान शाळांवर नोकरी करून निवृत्त झालेले. बाई स्वारगेटजवळच्या एका पालिका शाळेत पाचवीच्या वर्गशिक्षिका, डी.एड. करताना गुरुजींच्याच शाळेवर छात्रशिक्षिका म्हणून राहिलेल्या. दोघंही कल्पित आहेत, वाद खरा आहे. पानशेतकडची गाडी लागायला अवकाश आहे आणि दोघं बोलत बसली आहेत.

बाई : गुरुजी, यंदा माझ्या वर्गात बाहेरगावची मुलं बरीच आहेत. सगळ्यांच्या दाखल्यावर एकच ओळ, ‘इयत्ता चौथी उत्तीर्ण’. प्रगतिपुस्तकात कुणाला अ-२, कुणाला ब-१. एक मुलगी पहिल्याच दिवशी वर्तमानपत्र घडाघडा वाचते. तिच्या शेजारचा मुलगा, श्रेणी तिच्याइतकीच, जोडाक्षर आलं की थांबतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. दोघांनाही मी पाचवीचे अपूर्णांक शिकवायचे. कोण नेमकं कुठे आहे हे कळेपर्यंत ऑगस्ट उजाडतो. त्या मुलाचे दोन महिने गेले ते गेलेच.

गुरुजी : म्हणून तुम्हाला सगळ्यांना एक पट्टी लावायची आहे.

बाई : जतच्या चौथीला आणि पुण्याच्या चौथीला निदान वाचन आणि गणित यांत एकच अर्थ असावा, एवढंच.

गुरुजी : बाई, पट्टी कमी पडली असं मला नोकरीत एकदाही वाटलं नाही. १९६६ला राज्य मंडळ झालं. १९६७च्या जानेवारीत बालभारती स्थापन झाली आणि पुढे खेडं असो की पुणं, मराठी शाळेतल्या पोरांच्या हातात एकच पुस्तक आलं. १९९१ला दवे समितीने किमान अध्ययन पातळ्या लिहून दिल्या. १९९५ला आपला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, त्या क्षमतांचे क्रमांक मला पाठ होते. २०१७ला अध्ययन निष्पत्ती आल्या, त्यांचे तक्ते आम्ही भिंतीवर लावले. कागदावर समान दर्जा पन्नास वर्षं आहे. माझ्या शाळेत पहिली ते चौथी आणि शिकवणारा मी एकटा. फळ्याचे चार भाग करायचे, एका इयत्तेला पाढे लिहायला लावून दुसरीला वाचन घ्यायचं. तुमची नवी पट्टी आली म्हणून माझ्या शाळेवर दुसरा माणूस येणार होता का?

या वादात गुरुजींचा हा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो. कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात समान शाळा पद्धत सुचवली होती. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. खेड्यातली शाळा त्यांना आतून ठाऊक होती. त्या कल्पनेचा गाभा असा होता की एका परिसरातली सगळी मुलं, कुठल्याही जातीची आणि कमाईची, एकाच चांगल्या शाळेत जातील. आपण त्यातलं समान पुस्तक तेवढं घेतलं. परिसरातली समान शाळा घेतली नाही.

बाई : पुस्तक सारखं असलं म्हणजे दर्जा सारखा झाला असं कसं म्हणता? काय शिकवायचं ते पुस्तकात आहे. शिकवल्यावर मुलाकडे काय उरलं, ते कोण बघतं? मीच शिकवते, मीच प्रश्न काढते, मीच तपासते, श्रेणीही मीच देते. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने आकारिक आणि संकलित मूल्यमापन आलं, पोरांच्या मनातली परीक्षेची धास्ती गेली, ते मला हवंच होतं. पण माझी ब-१ आणि जतच्या सरांची ब-१ शेजारी ठेवून कधी कुणी पाहिली का? प्रगतिपुस्तकं आमची सगळी हिरवीगार. आणि ‘असर’ या सर्वेक्षणाची माणसं घरी जाऊन मुलापुढे दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट ठेवतात, तेव्हा काय दिसतं? देशभरच्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतल्या मुलांपैकी ती गोष्ट वाचू शकणारी २०१८मध्ये २०.९ टक्के, कोरोनानंतर २०२२मध्ये १६.३ टक्के, २०२४मध्ये २३.४ टक्के. पाचातलं एखादं मूल. बाकीच्यांच्या प्रगतिपुस्तकात ‘क’ आणि ‘ड’ लिहिलेलं तुम्ही कितींदा पाहिलंत?

गुरुजी : आकडे मी नाकारत नाही. आणि असरची चाचणी मला मनापासून आवडते. का, ते सांगतो. तिच्या निकालावर कुणाची बदली ठरत नाही, कुणाची वेतनवाढ अडत नाही, कुठल्या शाळेचं नाव पेपरात येत नाही. म्हणून ती खरं बोलते. तिला तुम्ही सरकारी शिक्का मारा, तिच्यावर काही लटकवा, दोन वर्षांत ती चाचणीही हिरवीगार होईल.

बाई : शिक्षकांवर इतका अविश्वास तुमचा?

गुरुजी : शिक्षकांवर नाही, दबावावर. इंग्लंडात १८६२ला रॉबर्ट लो यांनी हेच केलं. तपासनीस यायचा, प्रत्येक मुलाचं वाचन, लेखन, गणित इयत्तेप्रमाणे बघायचा. मूल नापास झालं की शाळेचं तेवढं अनुदान कापलं. मग शिक्षकांनी काय केलं? वाचनाचं पुस्तक पोरांकडून पाठच करून घेतलं. गायन गेलं, भूगोल गेला, गोष्टी गेल्या. ती रीत मोडायला त्यांना तीस वर्षं लागली, आणि तोवर आपल्या मुंबई इलाख्यातल्या अनुदानालाही ती चिकटली होती. आपल्याकडे २२ जून २०१५ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा निर्णय आला. हेतू उत्तम होता, प्रत्येक मूल शिकू शकतं असं सरकार पहिल्यांदा ठासून म्हणालं. पण शाळा ‘प्रगत’ झाल्याचे आकडे वर जायला लागले की खालच्यावर काय येतं हे मला विचारा. शेजारचं केंद्र शंभर टक्के झालेलं असताना आपलं साठ टक्के कोण सांगेल?

बाई : म्हणजे मोजायचंच नाही?

गुरुजी : ज्याने शिकवायचं त्याच्या हाती मोजू द्या.

इथे दोघं एकाच माणसाकडे धाव घेतात, आणि ते साहजिक आहे. स्वारगेटपासून पायी जाता येईल अशा गंज पेठेत जोतीराव फुले राहत होते. १८४८ला भिडे वाड्यात मुलींची शाळा काढलेल्या फुल्यांनी ऑक्टोबर १८८२मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन ठेवलं. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाने शाळेत नेमकं काय शिकावं, याची त्यात सरळ यादी आहे : मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे.

गुरुजी : आणि त्याच ठिकाणी जोतीराव म्हणतात की खेड्यातल्या शाळेत शहरापेक्षा विषय कमी असले तरी चालतील. बघा, एवढ्या मोठ्या माणसाला हे कळत होतं. खेड्यातलं मूल आणि शहरातलं मूल यांचं एकच वेळापत्रक नाही. भातलावणीच्या दिवसांत माझी शाळा अर्धी रिकामी असायची. त्या दिवसांत मी शेतावर जाऊन चुडांची मोजणी शिकवायचो. तो पाठ कुठल्या निष्पत्तीत बसवायचा?

बाई : पण गुरुजी, वाक्य पुरतं सांगा. विषय कमी असले तरी व्यवहारोपयोगात ते उणे नसावेत, असं त्यांनी लगेच जोडलंय. यादी त्यांनी सगळ्यांसाठी केली. आणि ती कुणाकडे केली? सरकारकडे. रयतेच्या घामाचा पैसा सरकारच्या तिजोरीत जातो, आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मूळ दावा. यादी म्हणजे रयतेने सरकारला लावलेला तगादा. एवढं आमच्या पोरांना आलंच पाहिजे, आणि येत नसेल तर तुमचा पैसा कुठे गेला ते सांगा. तुम्ही अध्ययन निष्पत्तीला शिक्षकावरची सक्ती समजता. मी तिला मुलाच्या हातातला हक्क समजते.

गुरुजी : (थोडं थांबून) हा अर्थ मला मान्य आहे. सरकार तो अर्थ घेईल का, हा माझा प्रश्न.

मला वाटतं, फुल्यांच्या निवेदनात दोघांच्याही म्हणण्याला जागा आहे, ते त्यात एक यादी आहे म्हणून. लहान, नेमकी, अडाणी बापालाही समजेल अशी. आजच्या निष्पत्ती पानंच्या पानं भरतात. एखाद्या पालकाला ‘तुझ्या पोराला यंदा काय यायला हवं’ हे दोन वाक्यांत सांगायचं तर शिक्षकालाही दम लागतो. समान दर्जा लोकांच्या हाती द्यायचा असेल तर तो आधी आखूड करावा लागेल.

बाई : तुम्हाला एका मुलाचं सांगते. जतकडचा. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, तुम्हाला ठाऊक आहे. हा चौथीपर्यंत तिथे शिकला, मग आईबापांबरोबर इथे आला. पहिल्या चाचणीत गणितात जवळजवळ कोरा पेपर. वर्गात सगळे म्हणायला लागले, याला काही येत नाही. मग त्याच्या पिशवीत मला त्याचं जुनं पुस्तक दिसलं. बालभारतीचं, कन्नडमधलं. पान उघडलं तर चित्रं तीच, उदाहरणं तीच. मी नुसत्या संख्या फळ्यावर मांडल्या, शब्द एकही नाही. दशक सुटा करून वजाबाकी त्याने न अडखळता केली. तीन अंकी गुणाकार केला. त्याला गणित येत होतं, आमची शाब्दिक उदाहरणं वाचता येत नव्हती.

गुरुजी : मग बघा, तुमच्या समान चाचणीने त्याला ढ ठरवलं होतं.

बाई : मराठीतल्या चाचणीने ठरवलं. आणि समान पुस्तकाने त्याला सोडवलं. ते पुस्तक कर्नाटकातलं किंवा एखाद्या खासगी प्रकाशनाचं असतं, तर तो कुठवर आलाय हे मला त्या एका तासात समजलं नसतं.

गुरुजी : तर मग तुमच्या पट्टीत पहिली अट लिहा. ज्या भाषेत मूल शिकलं त्या भाषेत त्याचं मोजमाप. नाहीतर जतचं पोर पुण्यात, भिल्लाचं पोर धडगावात आणि कोरकूचं पोर मेळघाटात, पट्टी लावल्या लावल्या नापास.

बाई : लिहिली.

गुरुजी : दुसरी अट. काय शिकायचं ते सारखं असू द्या. केव्हा आणि कसं, ते शाळेवर सोडा. २०२५चा एप्रिल आठवा. पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने, एप्रिलच्या पंचवीस तारखेपर्यंत. विदर्भातले पालक आणि मुख्याध्यापक ओरडले, आमच्याकडे त्या उन्हात पोरांना शाळेत कसं बोलवायचं? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. चंद्रपूरचं ऊन आणि महाबळेश्वरचं ऊन एका परिपत्रकात बसत नाही.

बाई : त्यात मी तुमच्याच बाजूची. त्या वेळापत्रकामागे शाळा मार्चनंतर ओस पडतात ही तक्रार होती, ती खोटी नव्हती. पण तारीख सारखी केल्याने शिकणं सारखं होत नाही.

गुरुजी : आणि कसं शिकवायचं तेही सोडा. साताऱ्याजवळ शाळांचं कुमठे बीट आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी फळा, खडू, रांगा सगळं बाजूला ठेवून पोरांना वस्तूंनी, खेळाने शिकवलं. राज्यभरचे शिक्षक गाड्या करून ते बघायला गेले, मीही गेलो. ते काम कुठल्या परिपत्रकातून आलं नव्हतं. एका बीटातल्या माणसांना तसं करून बघावंसं वाटलं आणि त्यांना तेवढी मोकळीक मिळाली, म्हणून झालं. नंतर ते सगळीकडे करा असा वरून आग्रह सुरू झाला, आणि वर्गावर्गातल्या फरश्या आखून, रंगवून निघाल्या. रंग आला. समज सगळीकडे आली असं मला दिसलं नाही.

बाई : पण कुमठ्याला जायला लोक का निघाले? तिथल्या पहिलीतल्या पोरांना वाचता येतं हे ऐकलं म्हणून. म्हणजे ‘पहिलीत वाचता येणं’ ही समान कसोटी होतीच की आपल्या सगळ्यांच्या मनात. ती नसती तर कुमठं चांगलं हे कशावरून ठरलं असतं?

यावर गुरुजी काही बोलत नाहीत. माझ्याही मते इथे बाईंचं म्हणणं वरचढ आहे. मोकळीक हवी असेल तर मोकळीक घेऊन काय साधलं, हे दुसऱ्याला पटेल अशा मापाने दाखवता आलं पाहिजे. पण याच धाग्यातून एक वेगळीच गोष्ट निघते, तीही सांगायला हवी. सरकारी शाळांत आता वरच्या-खालच्या पायऱ्या तयार होत आहेत. २०१८ला राज्याने आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं, शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी धरून काही जिल्हा परिषद शाळा त्याला जोडल्या, आणि सरकार बदलल्यावर ते मंडळ गुंडाळलं गेलं. मुंबई महापालिकेने २०२०पासून आपल्या काही शाळा सीबीएसई आणि आयसीएसईला जोडल्या, पुढे केंब्रिज आणि आयबीलाही. तिथे प्रवेश सोडतीने मिळतो. एकाच पालिकेच्या पैशावर एका मुलाला केंब्रिज आणि दुसऱ्याला गळकी खोली, आणि कुणाला काय ते चिठ्ठी ठरवणार. तमिळनाडूत चार वेगवेगळी मंडळं होती. २०१०च्या कायद्याने तिथे समान अभ्यासक्रम आणला, पुढच्या सरकारने तो थांबवायचा प्रयत्न केला, आणि ऑगस्ट २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो लागू करायला लावला. आपण उलट्या दिशेने निघालो आहोत.

गुरुजी : सोडतीची शाळा मलाही मान्य नाही. सार्वजनिक पैशाची शाळा नशिबावर नको. पण बाई, माझी खरी भीती तुम्ही अजून ऐकली नाही. आता मी जाणार आहे ते पानशेत. तिथे समूह शाळा झाली, आसपासच्या लहान शाळांची मुलं गाडीने तिथे येतात. इमारत चांगली, खोल्या चांगल्या, मी जाऊन पाहिलं. मग सप्टेंबर २०२३मध्ये त्याच नमुन्यावर राज्यभर समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. वीसपर्यंत पट असलेल्या शाळा किती निघाल्या? १४,७८३. त्यांत शिकणारी मुलं १ लाख ८५ हजारांच्या वर. कारण काय दिलं? लहान शाळेत गुणवत्ता येत नाही. ओरड झाली, शाळा बंद करणार नाही असं सरकारने सांगितलं. पण १५ मार्च २०२४चा संचमान्यतेचा, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवण्याचा, निर्णय वाचा. वीसच्या आत पट असला की दुसरा नियमित शिक्षक हक्काने मिळेलच असं नाही. आणि शिक्षणहक्क कायद्याचं परिशिष्ट काय म्हणतं? साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. आधी शिक्षक काढायचा, मग पट्टी लावायची, मग म्हणायचं शाळा पट्टीला उतरली नाही, मग शाळा उचलायची. धरणाच्या पलीकडच्या वाडीतली पोरगी पावसाळ्यात गाडीने पानशेतला येईल रोज? पोरगा येईल एखादा. पोरगी घरी बसेल. तुमची पट्टी त्या पोरीच्या शाळेवर कुऱ्हाड होईल, ही माझी भीती.

बाई : ही भीती मी खोटी म्हणणार नाही.

गुरुजी : मग?

बाई : मग दर्जाची व्याख्या एकट्या मुलावर संपवायची नाही. परिशिष्टातले दोन शिक्षक हाही दर्जाच. कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरी बिगरशैक्षणिक कामं देऊ नका, तोही दर्जाच. आपण दर्जा म्हटलं की पोराच्या वाचनाकडे बोट करतो आणि सरकारचा वाटा सोडून देतो. दोन्ही एका कागदावर लिहू. पण गुरुजी, ज्या वाडीत पट्टीच नाही तिथे शाळा वाचते आणि पोरगी मात्र चौथीपर्यंत बसून न वाचताच बाहेर पडते, हेही होतं. ती शाळा वाचवून तिला काय मिळालं?

गुरुजी : शाळा असेल तर उद्या चांगला शिक्षक येण्याची आशा तरी असते.

बाई : तिचं चौथीचं वर्ष परत येत नाही.

दोघांचा आवाज इथे चढतो. या प्रश्नाला सोपं उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. पण एक जुनी, साधी व्यवस्था आपल्याकडे आहे, तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. ऑक्टोबरात बीड, पाटोदा, आष्टीकडून ऊसतोड कामगार निघतात तेव्हा त्यांच्या मुलांना शिक्षण हमी पत्रक द्यायची रीत आहे. मूल कारखान्याच्या गावी गेलं की ते दाखवून तिथल्या शाळेत बसतं, परत आलं की आपल्या शाळेत. या पत्रकाची कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण ते दोन अनोळखी शिक्षकांना एका मुलाबद्दल एकमेकांशी बोलायला लावतं. समान दर्जा सगळ्यात जास्त कुणाला हवा, तर एका जागी न राहणाऱ्या या मुलांना. ज्याचं मूल दहा वर्षं एकाच चांगल्या शाळेत जातं, त्याला तो नसला तरी निभावतं.

बाई : तेच पत्रक सगळ्या मुलांना द्यायचं. दाखल्यामागे जोडायचं. पाच-सहा ओळी. कुठल्या भाषेत शिकतंय. त्या भाषेत शब्द, परिच्छेद की पूर्ण गोष्ट वाचतं. स्वतःच्या मनाने चार वाक्यं लिहितं का. दशक सुटा करून वजाबाकी, भागाकार, अपूर्णांक यांत कुठवर आलंय. आणि शेवटची ओळ शिक्षकाच्या हातची : या मुलाला काय आवडतं, कशाने ते शिकतं.

गुरुजी : ती शेवटची ओळ असेल तर मी सही करतो. भातलावणीतला माझा पाठ तिथे बसेल. पण भरणार कोण?

बाई : वर्गशिक्षकच भरेल. पण वर्षातून एकदा शेजारच्या केंद्रातला शिक्षक येऊन काही मुलांना वाचायला लावेल, आणि तुम्ही त्याच्या शाळेत जाल. साहेब नाही, शिक्षकच. २०२३पासून तिसरी ते आठवीला नियतकालिक मूल्यांकन चाचण्या येतात, भाषा, गणित, इंग्रजीच्या, राज्यभर सारख्या प्रश्नपत्रिका. पेपर सारखा आला, तरी तपासणारी मीच.

गुरुजी : शिक्षकाने शिक्षकाकडे जायचं, हे बरं. त्यात चोर-शिपाई होत नाही. निकालावर बदली नाही, वेतनवाढ नाही.

बाई : नाही. लिहून देते. पण निकाल लपवायचा नाही. शाळेच्या दारावर लागला पाहिजे.

गुरुजी : लावा. शेजारी दुसरा रकाना लावा. मंजूर पदं किती, भरलेली किती, शिक्षक वर्षात किती दिवस सर्वेक्षणाला आणि बैठकांना बाहेर होता. पालक दोन्ही वाचू देत.

बाई : आणि दहा पोरांच्या शाळेत? तिथे ‘वीस टक्के वाचत नाहीत’ म्हटलं की कोणती दोन, ते गावाला माहीत.

गुरुजी : तिथे टक्के नकोत. चावडीवाचन करा. २०२५च्या मार्चात निपुण महाराष्ट्र अभियानात ते आलंच आहे. गावापुढे पोरं वाचतील, गाव ऐकेल. माझ्या पोरांना त्यात मजाच आली असती.

बाई : ज्याला वाचता येतं त्याला मजा. अडखळणारा पोरगा दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही, मी पाहिलंय. गावापुढे नको. आईला बोलवा, तिच्यापुढे वाचू दे.

गुरुजी : बरं, आईपुढे. पण एक ऐका. पहिल्या वर्षी उजवा रकाना भरू दे सरकारला. माणसं येऊ देत शाळेवर. डावा रकाना त्यानंतर.

बाई : त्यानंतर म्हणजे कधी? तुम्ही १९६६पासून हिशेब मांडलात, तेव्हापासून उजवा रकाना भरायचाच राहिलाय. तो भरेपर्यंत थांबले तर माझ्या वर्गातला मुलगा दहावीला पोचेल. दोन्ही रकाने एकाच जूनला, गुरुजी. डावा लोकांना दिसला तरच उजव्यासाठी कुणी भांडायला उठेल.

गुरुजी : आणि उजवा रिकामा असताना डावा दाखवून कुणी शाळा उचलायला आलं तर?

बाई : तर त्या दिवशी मला फोन करा. मी पालिकेची असले तरी येईन.